सिग्नलला बंद पडणारी गाडी: रेसच्या आधी क्लच बघा

सिग्नल सुटला की गिअरची बाईक बंद पडते, या नवख्यांच्या तक्रारीवर 'रेस जास्त द्या' असा सल्ला दिला जातो. तो अर्धाच पटला. रेस वाढवून क्लच झटक्यात सोडला तर गाडी उसळते, आणि नवख्याला ते जास्त धोक्याचं.

आधी क्लच केबल तपासा. लिव्हरच्या टोकाशी साधारण 10 ते 15 मिमी प्ले, म्हणजे ताण येण्याआधीची मोकळी हालचाल, हवा; नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. प्ले फार असेल तर लिव्हर पूर्ण दाबूनही क्लच इंजिनाला चाकापासून पूर्ण वेगळं करत नाही, पहिला गिअर टाकताच गाडी ओढते आणि बंद पडते. अजिबात नसेल तर क्लच घसरतो, क्लचच्या प्लेटा लवकर जातात.

पुण्यातल्या चांदणी चौकासारख्या चढावर डावा पाय जमिनीवर, उजवा मागच्या ब्रेकवर. पहिला गिअर, थोडी रेस, क्लच हळू सोडा. इंजिनाचा आवाज किंचित बसला, गाडी ब्रेकविरुद्ध ओढू लागली की बोटं तिथेच थांबवा. मग ब्रेक सोडा. गाडी दोनेक मीटर सरकल्यावरच उरलेला क्लच. हे रविवारी रिकाम्या चढावर घोटवा, सोमवारी ऑफिसच्या गर्दीत नको. लांब सिग्नलला न्यूट्रल करा. अर्ध्या क्लचवर उभं राहणं म्हणजे प्लेटा जाळणं.