मदत पाहिजे: गेममधले हातोडेवाले दोघं संपतच नाहीत

पऱ्हाटी_यवतमाळ: काल रातीपासून अडकलो भाऊ. एकाले मारत आणतो तं दुसरा हातोडे फेकून फेकून मले संपवते. टायमावर बटन दाबतो तरी लागत नाही. परवा मामाचा पोरगा गेमचं मशीन घेऊन पुण्याले चालला, लवकर सांगा.

संत्राबाग: गेम कोणता बाप्पा? हातोडेवाले कासवं मारिओच्या कितीतरी गेममधी असतात. पेपर मारिओ काय?

पऱ्हाटी_यवतमाळ: सुपर मारिओ आरपीजी. मशरूम वे हा पहिला रस्ता संपते तिथले. मारिओ एकटाच आहे अजून.

जुना_गडी: १९९६ चा की २०२३ चा? जुन्याची मजा नव्यात नाही, मी तोच दोनदा संपवलाय.

पऱ्हाटी_यवतमाळ: निन्टेंडो स्विच मशीनवाला आहे म्हणजे नवाच ना भाऊ.

टेकडी_वर्धा: मागं जाऊन गुम्बा म्हणजे किरकोळ शत्रू मार, लेव्हल वाढव. मी तसंच केलं होतं.

जुना_गडी: पहिल्याच रस्त्यावर लेव्हल कशाला वाढवायची? एकालाच धर, तो पडेपर्यंत दुसऱ्याला हात लावू नको, म्हणजे निम्मे हातोडे बंद. उडी मारून हल्ला केला की ३ फूल पॉइंट (खास हल्ल्यांसाठीचे पॉइंट) जातात, ते बघून वापर.

टेकडी_वर्धा: तुमचं जुन्या गेमचं झालं. नव्यात ऐन टायमाला बटन दाबलं तं साध्या हल्ल्याचा मार दुसऱ्यालेही लागते, मंग एकालेच काहून धरायचं?

जुना_गडी: पण त्याचा टायमिंगच जमत नाहीये ना, वाचा तरी आधी.

काळी_माती: आमच्याकडं दुपारी तीन तास लाइन जाते, चार्जिंग किती वेळ पुरते स्विचची?

संत्राबाग: पऱ्हाटी, टीव्हीले लावून खेळतो का हातात धरून?

पऱ्हाटी_यवतमाळ: टीव्हीलेच. मोठा आहे, बाबांनं कापूस विकून घेतला होता. त्याचा काय संबंध?

संत्राबाग: तोच तं संबंध आहे! टीव्ही चित्र साफ करत बसते आन् त्यात उशीर लागते. तुले हातोडा दिसते तवा तो गेममधी कधीचा पडून गेलेला असते. टीव्हीच्या सेटिंगमधी गेम मोड असला तं चालू कर, नाहीतं टीव्हीले जोडायच्या डॉकमधून मशीन काढून हातातच खेळ. आन् हल्ल्यापुरतंच नाही, हातोडा अंगावर पडते त्या घडीलेही बटन दाबायचं, बरोबर जमलं तं काहीच लागत नाही. डोक्यावर उद्गारचिन्ह येते त्यावर नजर ठेव. तरी नाहीच झालं तं मेनूत सोपा मोड आहे.

टेकडी_वर्धा: सोपा मोड नको घेऊ, मजा जाते.

काळी_माती: चार्जिंगचं सांगा ना कोणी.

पऱ्हाटी_यवतमाळ: संत्राबाग भाऊ, खरंच टीव्हीच होता!! हातात घेतलं, तिसऱ्या बारीत दोघंही गेले, हातोडाही भेटला. लय लय आभार. पण मारिओ अजून बुक्क्याच मारून रायला?

जुना_गडी: मेनूत जाऊन हत्यार बदल.

पऱ्हाटी_यवतमाळ: झालं. आता एक मगर माह्या नव्या सोबत्याचं, मॅलोचं, नाणं घेऊन पळाला, त्याले कुठं गाठू? एकच दिवस आहे हातात.