कुत्र्याची अस्थिमज्जा काम करेनाशी झाली आहे. थेट स्टेरॉइड सुरू करावे का?

प्रश्न:
आमच्या सात वर्षांच्या कुत्र्याच्या हिरड्यांवर आणि पोटावर लाल ठिपके दिसू लागल्याने रक्त तपासले, तेव्हा हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट हे तिन्ही घटलेले आढळले. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट तर केवळ २२ हजार आहेत. डॉक्टरांनी मज्जेचा, म्हणजे हाडाच्या आत रक्तपेशी बनवणाऱ्या मगजाचा, नमुना घेण्याचे सुचवले आहे, परंतु अशा अवस्थेत हाडात सुई घालू देण्याचे धाडस होत नाही. त्याऐवजी स्टेरॉइड सुरू केले तर चालेल का?

उत्तर १:
मी पशुवैद्यक आहे. आपली भीती स्वाभाविक आहे, तरी प्लेटलेट कमी असतानाही हा नमुना घेता येतो. दंडाच्या किंवा कमरेच्या हाडातून तो घेतात आणि ती जागा काही मिनिटे दाबून धरली की रक्त सहसा थांबते. मला घाईने दिलेल्या स्टेरॉइडची काळजी अधिक वाटते, कारण त्याने उरलीसुरली प्रतिकारशक्ती दडपली जाते आणि मज्जेत कर्करोग असल्यास निदानही झाकले जाते. प्रतिकारयंत्रणाच मज्जेवर उलटली आहे असे ठरले, तर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दडपणारे सायक्लोस्पोरिन जरूर द्यावे. त्याआधी गोचीड ताप, पूर्वी दिलेली औषधे आणि इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक यांचा शोध घ्यावा, कारण त्यांनीही मज्जा बिघडू शकते.

उत्तर २:
आमच्या कुत्रीला जुनाट गोचीड ताप, म्हणजे एर्लिकिया या जंतूचा संसर्ग होता. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक २८ दिवस दिले आणि मधल्या काळात रक्तही चढवावे लागले. औषध संपल्यावरही आकडे लगेच सुधारले नाहीत, हे मनाशी धरून ठेवा.

प्रश्नकर्ता:
एर्लिकियाची चाचणी निगेटिव्ह आहे. मात्र त्याचे एक वृषण जन्मापासून खाली उतरलेलेच नाही. याचा काही संबंध असेल का?

उत्तर १:
नक्कीच असू शकतो, आणि हे आजच आपल्या डॉक्टरांना सांगा. पोटात राहिलेल्या वृषणात सर्टोली पेशींची (वृषणातील एक प्रकारच्या पेशींची) गाठ होऊ शकते. तिच्यातून स्रवणारे इस्ट्रोजेन मज्जा सुकवते. स्तनाग्रे मोठी झाली आहेत का, दोन्ही कुशींवरचे केस सारखेच विरळ झाले आहेत का, हे पाहा आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्या. गाठ निघाली तर शस्त्रक्रिया हाच खरा उपचार आहे. त्यापूर्वी क्रॉसमॅच करून, म्हणजे दात्याचे रक्त जुळते का हे तपासून, रक्त चढवावे लागू शकते. मज्जा सावरायला आठवडे, कधी महिने लागतात, आणि काही कुत्र्यांत ती सावरत नाही. तोवर ताप आला तर सकाळची वाट न पाहता त्याला दवाखान्यात न्या, कारण पांढऱ्या पेशींवाचून साधा संसर्गही काही तासांत रक्तात पसरू शकतो.