अमेरिकी सरकारी फॉर्म: अभिप्रायांची ६० दिवसांची पहिली फेरी हवी की नको? (तळटीप, हिशेबी आणि चौथा रकाना अशा टोपणनावांच्या तिघांची चर्चा)

तळटीप: अमेरिकेत केंद्रीय खात्याला वर्षभरात १० किंवा जास्त लोकांना तेच प्रश्न विचारायचे असतील, तर पेपरवर्क रिडक्शन अॅक्ट लागू होतो. कायदा १९८०चा, १९९५मध्ये सुधारलेला. आधी फेडरल रजिस्टर या सरकारी राजपत्रात सूचना देऊन ६० दिवस अभिप्राय मागवायचे, मग प्रस्ताव मंजुरी देणाऱ्या ओआयआरए या कार्यालयाकडे पाठवताना पुन्हा ३० दिवस. माझ्या मते पहिली फेरी रद्द करावी. कित्येक सूचनांवर एकही अभिप्राय येत नाही, आणि गोंधळात टाकणारा प्रश्न बदलायला सहज अर्धं वर्ष जातं. तेवढा काळ लोक तोच वाईट फॉर्म भरत बसतात.

हिशेबी: साफ असहमत. शब्द किंवा मांडणीची किरकोळ दुरुस्ती असेल तर दोन्ही फेऱ्या लागत नाहीत, नॉन-सबस्टँटिव्ह चेंज म्हणून ती जाते. खरा बदल असेल तर पहिली फेरीच कामाची. त्या वेळी सपोर्टिंग स्टेटमेंट, म्हणजे प्रस्तावासोबतचं खात्याचं स्पष्टीकरण, कच्चं असतं, आणि आलेल्या अभिप्रायांचं काय केलं हे खात्याला त्यातल्या ८व्या मुद्द्यात लिहावंच लागतं.

अभिप्राय वाया जातो तो "फॉर्म फार किचकट आहे" एवढंच लिहिल्यामुळे. त्याच स्टेटमेंटच्या १२व्या मुद्द्यातला वेळेचा आकडा धरा. समजा ४०,००० अर्जदार, प्रत्येकी १५ मिनिटं, म्हणजे १०,००० तास. पण नियमानुसार फॉर्म भरण्याच्या सूचना वाचणं, जुनी कागदपत्रं शोधणं, माहिती गोळा करणं हेही त्यात मोजायचं असतं. बहुतेकदा तेच गळतं. त्याला आणखी ४५ मिनिटं लागत असतील तर बोजा थेट ४०,००० तास. कुठला रकाना, कुठला कागद, किती मिनिटं असं लिहिलं की खात्याला उत्तर टाळणं अवघड जातं.

तळटीप: हिशेब मान्य. पण रकाना बघायला फॉर्म तर हवा! ६० दिवसांच्या सूचनेत बहुधा गोषवारा आणि एकूण तास एवढंच असतं. फॉर्मसाठी संपर्क अधिकाऱ्याला ईमेल करा, उत्तराची वाट बघा. प्रस्तावाचा संपूर्ण संच रेगइन्फो या सरकारी संकेतस्थळावर दिसतो तो ३० दिवसांच्या फेरीत. मग तीच एक फेरी ४५ दिवसांची करा.

चौथा रकाना: दुखणं फेरीत नाही, चाचणीत आहे. ९ लोकांपर्यंत मंजुरीशिवाय विचारता येतं, तरी अनेक खाती तेवढीही चाचणी न करता मिनिटं ठरवतात. ९ जण पुरत नसतील तर जेनेरिक क्लिअरन्स, म्हणजे एकसारख्या छोट्या चाचण्यांसाठीची एकत्रित मंजुरी, आहेच. घाई खरी असेल तर तातडीची मंजुरी मिळते, कमाल १८० दिवसांची. त्यामुळे "उशीर होतो" हे कारण मला पटत नाही.

हिशेबी: शिवाय मंजुरी जास्तीत जास्त ३ वर्षांची असते. नूतनीकरणाच्या वेळी फॉर्म बहुतेक तोच असतो, त्यामुळे ईमेलची वाट बघावी लागत नाही. फॉर्मवरच्या कंट्रोल नंबरने (मंजुरीच्या क्रमांकाने) रेगइन्फोवर मागची मंजुरी काढा, उदाहरणार्थ आयकराच्या १०४० फॉर्मचा १५४५-००७४. तिथे ओआयआरएने अटी घातल्या असतील तर त्या वाचा. खात्याने त्या पाळल्या नसतील, तर अभिप्रायाची सुरुवात तिथूनच करा.

तळटीप: नूतनीकरणापुरतं मान्य. नव्या फॉर्मसाठी मात्र मसुदा सूचनेसोबतच जोडण्याची सक्ती होत नाही तोवर माझं मत तेच.