पणत्या आणि नववीची पोरं

दिवाळीत काय करावं, याबद्दल कुणीतरी दोन गोष्टी सुचवल्यात. त्यातली पहिली, दिवाळीची खरेदी गल्लीतल्या दुकानातूनच करा, हे एकदम मान्य. पण सुट्टीत मुलांना मार्गदर्शन म्हणजे हॉलमध्ये बसवून भाषण, ही दुसरी सूचना काही झेपली नाही बुवा.

गेल्या वर्षी आम्ही सोसायटीतली नववीची 4 पोरं धारावीच्या कुंभारवाड्यात नेली. सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांची ही जुनी वस्ती. दिवाळीआधी गल्लीभर पणत्या वाळत असतात. पोरांनी शेकड्याच्या भावाने पणत्या घेतल्या (घासाघीस करायची नाही, ही अट) आणि गेटपाशी टेबल टाकून विकल्या. रिक्षात 17 फुटल्या, मग नफ्याचं गणित पुन्हा मांडलं! कुंभारकाकांची टीप मात्र प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत होती: पणती आधी पाण्यात भिजवा, तेल कमी पिते. यंदा त्यातल्या दोघी आत्तापासूनच विचारतायत, कधी जायचं?