रिमोटच्या बगी गाडीच्या पुढच्या सस्पेन्शनने जुन्या फिटरची जिरवली

निवृत्त_फिटर

नमस्कार मंडळी. एसटीच्या दापोडी वर्कशॉपात ३१ वर्षं काढली, त्यातली निम्मी फ्रंट अ‍ॅक्सलवर. किंगपिन (चाक ज्यावर डावीउजवीकडे वळतं ती खीळ) ठोकून काढणं, बुशला रीमर मारणं (भोक मापात कोरणं), पाटे बदलणं, हे झोपेतून उठवलंत तरी करून देईन. आणि गेले चार दिवस एक हातभर लांबीची खेळण्यातली गाडी मला दाद देत नाहीये.

मुलगा नागोयाला असतो. दिवाळीला आला तेव्हा नातवासाठी रिमोटवर चालणाऱ्या बगी गाडीचा, घरी जोडायचा किट घेऊन आला. १/१० स्केल (खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याची), ड्राइव्ह मागच्या चाकांना, पुढे प्रत्येक बाजूला वरखाली दोन आर्म आणि तेलाचे शॉकअप. नातू अकरा वर्षांचा. तो पुस्तिका वाचणार, मी जोडणार, अशी वाटणी. गिअरबॉक्स, चासी, मागची बाजू सगळं बिनबोभाट झालं. पुढच्या बाजूचं पान उघडलं आणि तिथेच गाडी रुतली. तक्रारी तीन:

एक, डावा खालचा आर्म जाम आहे. उजवा उचलून सोडला की आपोआप खाली पडतो, डावा जिथे ठेवाल तिथे राहतो. पिनला ग्रीस भरलं, फरक शून्य.

दोन, गाडी सरळ जातच नाही. अंगणात सोडली तर दारू प्यायल्यासारखी डावीउजवीकडे झोकांड्या खाते. सर्वोकडे (चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरकडे) जाणारा रॉड काढून हाताने फरशीवर ढकलून पाहिली. चाकं सरळ व्हायला हवीत, ती उलट तिरकी होऊन टोकाला जाऊन बसतात. दोन्ही बाजूंना सारखंच.

तीन, शॉकअप. किटमधली तेलाची बाटली माझ्याच कोपराने लवंडली. घरात शिवणयंत्राचं तेल होतं, ते भरलं. पहिल्या दिवशी झकास. आता दाबला की परत येतच नाही, दांडा अडकतो, आणि आतून चुक्‌चुक् आवाज.

शिवाय शॉकअपची एक बारकी ई-क्लिप (इंग्रजी ईच्या आकाराची चाप) उडाली ती उडालीच. नातू म्हणतो, "आजोबा, तुम्ही खरंच बस दुरुस्त करायचात?" तेव्हा लवकर सांगा.

---

तळजाईची_धूळ

काका, नमस्कार. पोस्ट वाचून मजा आली, पण घाबरू नका, तिन्ही गोष्टी घरच्या घरी सुटतील.

आर्म. प्लास्टिकमध्ये जाणारा स्क्रू हा लोखंडातल्या बोल्टसारखा आवळायचा नसतो. आर्म ज्यावर फिरतो तो स्क्रू बघा, डोक्याखाली थोडा भाग गुळगुळीत असेल आणि आटे पुढे असतील. तो जास्त पिळला की डोकं आर्मलाच दाबून धरतं. पाव फेरा मागे घ्या आणि आर्म उचलून सोडा. तरीही पडला नाही तर भोकात साच्याची कड राहिली असेल. ३ मिमीचा ड्रिल बिट घ्या, मशीनला लावू नका, नुसता बोटांनी फिरवत भोकातून एकदा काढा. बुशला रीमर मारलेल्या माणसाला हे मी काय सांगू! फक्त थोडं थोडं काढा आणि प्रत्येक वेळी लावून बघा. प्ले (ढिलेपणा) जास्त झाला तर भरून काढता येत नाही.

आणि पिळकस कुठला वापरताय? जपानी किटचे चौफुलीचे स्क्रू आपल्या नेहमीच्या फिलिप्सचे नसतात, जेआयएस म्हणजे जपानी मानकाच्या मापाचे असतात. दिसायला सारखेच, पण फिलिप्सचं टोक त्यात पुरतं बसत नाही. जोर लावला की घसरतं आणि डोकं गोल होतं. डोक्यावर सुईच्या टोकाएवढा ठिपका असेल तर तो जेआयएस समजा.

शॉकअप. शिवणयंत्राचं तेल खनिज तेल असतं. आतल्या ओ-रिंग (गोल रबरी कड्या) सिलिकॉन रबराच्या असतील तर त्या ते तेल पिऊन फुगतात आणि दांड्याला आवळून धरतात. म्हणून पहिला दिवस झकास गेला. सगळं उघडा, भांड्याच्या साबणाने धुवा, रात्रभर वाळू द्या, ओ-रिंग नव्या घाला. तेल फक्त सिलिकॉनचं. बाटलीवर वेट किंवा सीएसटी लिहिलेलं असतं, ही तेलाच्या दाटपणाची मापं. दोन्ही आकडे वेगळे, ३० वेट म्हणजे साधारण ३५० सीएसटी. पुढच्या शॉकअपला तिथून सुरुवात करा.

चुक्‌चुक् म्हणजे आत हवा. पिस्टन तळाशी ओढून नळी तेलाने काठोकाठ भरा, मग पिस्टन हळूहळू वरखाली करा. हळू म्हणजे अगदी हळू, कढी फुटू नये म्हणून ढवळतो तसं. बुडबुडे वर येतील. दहा मिनिटं उभं ठेवा, परत करा, मग रबरी पडदा आणि टोपण. दोन्ही झाले की दांडे समोरासमोर टेकवून एकमेकांवर दाबा. दोघं सारखे आत गेले तर काम फत्ते. एक आधी गेला तर त्यात तेल कमी किंवा हवा जास्त.

ई-क्लिप काढताना दोन्ही हात पारदर्शक पिशवीत घालून काढायची. ही अक्कल मला चौथी क्लिप हरवल्यावर आली.

तुमच्या दुसऱ्या तक्रारीचं मात्र कोडं आहे. दोन्ही बाजूंना सारखं म्हणताय, म्हणजे एखादा भाग वाकलेला नाही. चाक सरळ ठेवून गाडी बाजूने बघा. किंगपिनचं वरचं टोक कुठे झुकलंय? पुढे की मागे?

---

हाफथ्रॉटल

एवढं काय डोकं लावायचं. दोन बॅटऱ्या संपेपर्यंत गाडी चालवा, आर्म आपोआप सुटेल. माझा सुटला.

---

लालमाती_चिपळूण

हाफथ्रॉटल, तुझा सुटला कारण तो झिजला. आता चाक धरून हलव, खुळखुळा वाजेल. आर्म आधी मोकळा करायचा, मग चालवायची.

फिटरकाका, राग मानू नका, पण त्या पिनवरचं ग्रीस आजच्या आज पुसून काढा. बसला ग्रीसगनने निपलमधून ग्रीस मारलं की जुनं घाण ग्रीस कडेने बाहेर पडतं. इथे बाहेर पडायला वाटच नाही. आमच्याकडे जांभ्याची माती, एका फेरीत ग्रीसमध्ये लाल धूळ बसते आणि त्याचा पॉलिश पेपर होतो. मी पहिल्या गाडीला हौसेने सगळीकडे चोपडलं होतं. दोन महिन्यांत आर्मची भोकं लांबुळकी. सस्पेन्शनच्या पिना कोरड्याच ठेवायच्या. ग्रीस आतल्या गिअरना आणि शॉकअपच्या ओ-रिंगला जोडताना पुसटसं, बाकी कुठे नाही.

जाता जाता: तामिया या जपानी कंपनीची ग्रासहॉपर बगी १९८४ ची. पुढे तेलबिल काही नाही, नुसत्या स्प्रिंगा. टुणटुण उड्या मारते आणि अजून लोकांना आवडते. तेव्हा शॉकअपचं फार मनाला लावून घेऊ नका.

---

निवृत्त_फिटर

तळजाई, तुम्ही विचारलंत आणि मी चष्मा लावून बाजूने बघितलं. किंगपिनचं वरचं टोक पुढे झुकलंय. पुढे! मी तिथेच कपाळावर हात मारला.

बसमध्ये पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये पाचर घालून आम्ही कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा पुढेमागे कल, जुळवायचो. किंगपिन वरून मागे कललेला हवा, म्हणजे चाक आपलं आपण सरळ होतं. सायकल हात सोडून चालते ती त्याच्यामुळेच थोडीफार. पाचर उलटी बसली तर ड्रायव्हर पहिल्या फेरीतूनच शिव्या घालत परत यायचा, स्टिअरिंग सोडलं की गाडी आपोआप वळते म्हणून. हे मी किती पोरांना शिकवलंय! आणि माझ्याच टेबलावर दोन्ही पाचरी उलट्या.

इथे पाचर नाही. किंगपिन धरणारा इंग्रजी सीच्या आकाराचा तुकडा आहे, त्याच्या भोकालाच कल दिलेला. डावा-उजवा वेगळा, पण अदलाबदल केली तरी बिनबोभाट बसतो. आत नखाएवढा एल आणि आर कोरलाय. मी एल डावीकडे लावला होता. मग चूक कुठे?

नातवाने पकडली. आम्ही वर्कशॉपात डावं-उजवं कधी म्हणायचोच नाही. ड्रायव्हर साइड आणि क्लिनर साइड, बास. गाडीसमोर उभं राहून काम करायचं, त्यामुळे तुमचं डावं म्हणजे गाडीचं उजवं, हा घोळच नको. या बगीत ड्रायव्हरचा पुतळा आहे, पण मेला मधोमध बसलाय! म्हणून नातू "लेफ्ट" म्हणाला तेव्हा मी गाडीसमोर बसून माझ्या डाव्या हाताकडे लावला. पुस्तिकेतलं लेफ्ट गाडीत बसलेल्याचं.

आता प्रश्न: हे तुकडे बदलायला अख्खी पुढची बाजू उघडावी लागेल का? आणि वरचा आर्म म्हणजे जो रॉड आहे, त्याची लांबी परत जुळवावी लागेल?

---

तळजाईची_धूळ

काका, क्लिनर साइड वाचून चहा सांडला.

अख्खी नाही उघडायची. चाक काढा, वरचा रॉड बॉलवरून (रॉडच्या टोकाचा कप ज्यावर बसतो त्या गोळीवरून) उपसा, टाय रॉडही (चाक वळवणारा दांडा) उपसा, खालची पिन काढा. तो तुकडा स्टब अ‍ॅक्सलसकट (चाक बसतं तो आखूड दांडा) हातात येईल. स्टब अ‍ॅक्सल मात्र ज्याच्या त्याच्या बाजूलाच ठेवा. त्यांचे टाय रॉडचे हात आत्ता बरोबर जागी आहेत ना, म्हणजे ते नीट लागलेत. दोन्ही बाजू एकदम उघडू नका असं एरवी म्हटलं असतं, पण इथे अदलाबदलच करायची आहे. तेव्हा टेबलावर दोन ताटल्या ठेवा आणि वर कागद लावा: ड्रायव्हर, क्लिनर.

बॉल उपसताना पिळकसाने उचकटू नका, कप फाटतो. पक्कडीने सरळ ओढा. रॉडची लांबी आहे तीच ठेवा, फक्त दोन्ही बाजू व्हर्नियरने मोजून सारख्या आहेत का बघा. नंतर गाडी सपाट फरशीवर ठेवून, दोनदा दाबून सोडून, समोरून चाकांकडे बघा. वरून अंश-दोन अंश आत झुकलेली चालतील, बाहेर झुकलेली नकोत.

सर्वोचं शेवटी. आधी रिमोट चालू, मग गाडी, ट्रिम (रिमोटवरची बारीक जुळवणी) मध्यावर, मग सर्वोचा हात, म्हणजे त्याच्यावरची पट्टी, लावायचा. मुलं ती पट्टी आधी लावतात आणि मग ट्रिमने ओढत बसतात.

---

निवृत्त_फिटर

झालं. शनिवारी दुपारी दोन ताटल्या घेऊन बसलो, बायको म्हणाली जेवायला बसलात की काय. सी तुकडे बदलले. सर्वोकडचा रॉड काढलेलाच ठेवून फरशीवर ढकलली. चाकं मुद्दाम तिरकी केली होती, वीतभर गेली आणि सरळ झाली. नातवाने दहा वेळा करून बघितलं. मी अकरा वेळा.

डावा आर्म: पाव फेरा मागे घेऊन अर्धा सुटला, उरलेलं ड्रिल बिटने. भोकातून केसासारखी प्लास्टिकची एक कात निघाली. आता दोन्ही आर्म सोडले की टप्प करून पडतात. ग्रीस पुसलं, जिवावर आलं, पण पुसलं.

ओ-रिंग मुलाने पाठवल्यात, तेल इथेच मिळालं. जुनी रिंग नव्या शेजारी ठेवली तर उघड्या डोळ्यांनी जाड दिसते. शॉकअपची समोरासमोर कुस्ती लावली. पहिल्यांदा डावा हरला, परत उघडून हवा काढली, आता बरोबरी.

हरवलेली ई-क्लिप जुन्या स्पीकरच्या लोहचुंबकाला सापडली, माझ्याच चपलेच्या तळव्यात रुतलेली.

आता बॉडी रंगवायची आहे. नातवाला निळी हवी, मला एसटीचा लाल. लाल ठरली. पारदर्शक प्लास्टिक आहे, रंग आतून द्यायचा म्हणे. नातवाला पुढे मोठ्या अक्षरात "दापोडी" लिहायचंय, म्हणजे आतून लिहिताना अक्षरं उलटी काढावी लागणार. ते काम मी पूर्णपणे त्याच्याकडे दिलंय.