पाच माइक आणि ह्यूस्टनच्या राखाडी कॅसेटी

नव्वदच्या दशकात अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या रॅपमध्ये शब्दांना वजनच नव्हतं, म्हणून समीक्षकांनी तिकडे पाहिलं नाही, हे या चर्चेत मांडलेलं मत मला अजिबात पटत नाही. न्यूयॉर्कहून निघणाऱ्या 'द सोर्स' या हिप-हॉप मासिकाने १९९४ मध्ये तिथल्याच नॅस या रॅपरच्या 'इलमॅटिक' अल्बमला पाच माइक, म्हणजे त्यांचं सर्वोच्च मानांकन, दिले. दक्षिणेतल्या अटलांटाच्या आउटकास्ट या रॅप जोडीला ते मिळायला १९९८ उजाडलं, तेही 'अक्वेमिनाय' या अल्बमसाठी.

पण परीक्षण व्हायचं कशाचं, हा मुद्दा या चर्चेत कुणी काढलाच नाही. मासिकांकडे आगाऊ पोचायचे ते मुख्यतः कंपन्यांनी पाठवलेले अल्बम. दक्षिणेतल्याच ह्यूस्टनचा डीजे स्क्रू मात्र गाणी संथ करून राखाडी कॅसेटींवर भरायचा आणि घरून विकायचा. गिऱ्हाइकांच्या गाड्यांची बाहेर रांग लागायची. त्याचं १९९६ मधलं 'जून ट्वेंटी सेव्हन्थ' ऐका. अर्ध्या तासाहून लांब फ्रीस्टाइल, म्हणजे उत्स्फूर्त रॅप, एकामागून एक रॅपर माइकवर येतायत, त्याच संथ ठेक्यावर, घाई कुणालाच नाही. हे अल्बमच्या परीक्षणात बसवणार कसं? स्क्रू २००० मध्ये गेला. त्याच्या संग्रहातल्या तबकड्या आता ह्यूस्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. दक्षिणेच्या शब्दांबद्दल निकाल देण्याआधी स्क्रूच्या त्या कॅसेटी ऐकायलाच हव्यात, असं मला मनापासून वाटतं.