मुलांनी स्वतः काय घडवलं? मोफत साधनं आणि आपल्या वर्गातले अनुभव

नागपुरात आणि जिल्ह्यात शिकवणाऱ्या सगळ्यांसाठी हा धागा काढतेय. पालकांनीही लिहावं.

पुस्तकातल्या धड्याशेजारी क्यूआर कोड आला, २०१७ पासून दीक्षा हे सरकारी शिक्षण-ॲप आहे, शाळेत प्रोजेक्टर आहे. तरी माझ्या पाहण्यात बहुतेक तास असे जातात की आपण व्हिडिओ लावतो, मुलं बघतात आणि घंटा होते. त्याचा उपयोग नाही असं मी म्हणत नाही. पण मला ऐकायचंय ते त्या तासाबद्दल, ज्यात मुलांनी मोफत साधन हातात घेऊन स्वतः काही तयार केलं. जमलं ते लिहा, फसलं तेही लिहा. सुरुवात माझ्यापासून.

मी मानेवाडा भागात सहावीला गणित शिकवते. पूर्णांक संख्या हा धडा दरवर्षी अडतो. संख्यारेषा काढून दोन तास शिकवलं तरी −३ आणि −७ मध्ये मोठी कोणती विचारलं की अर्धा वर्ग −७ म्हणतो. यंदा मी स्क्रॅच वापरलं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबने २००७ साली मुलांसाठी काढलेलं हे साधन आहे. आज्ञांचे रंगीत ठोकळे एकमेकांना जोडायचे आणि चित्र हलवायचं. नेट नसलं तरी चालणारी आवृत्ती आहे, ती मी घरून पेनड्राइव्हवर आणली. आमच्या खोलीत चौदा संगणक आहेत, त्यातले नऊ चालतात. एकेका संगणकावर तिघं बसवले.

खेळ ठरला संत्री झेलायचा. वरून संत्रं पडतं, खाली टोपली सरकते. स्क्रॅचच्या पडद्याचा मध्य म्हणजे शून्य, वरचं टोक १८०, खालचं −१८०, उजवीकडे २४०, डावीकडे −२४०. एका मुलाने संत्र्याला '५ ने बदल' अशी आज्ञा दिली आणि संत्रं सरसर वर जाऊन चिकटलं. "मॅडम, हे वर काऊन जाऊन राहिलं?" मी गप्प राहिले. बाजूची मुलगी म्हणाली, "शून्य मधात आहे ना बे. खाली जायला ऋण लागते." त्याने −५ टाकलं, संत्रं पडलं. मग त्याने −१० टाकून पाहिलं तर ते दुप्पट जोरात पडलं, आणि वर्गात खरा वाद सुरू झाला. −१० जर −५ पेक्षा लहान, तर जास्त जोरात कसं पडतं? चिन्ह दिशा सांगतं आणि आकडा किती ते सांगतो, हे त्या दिवशी मला फळ्यावर लिहावं लागलं नाही. मुलांनीच हात वर-खाली करून एकमेकांना पटवलं. पुढच्या चाचणीत −३ आणि −७ चा प्रश्न जवळपास सगळ्यांचा बरोबर आला.

एक चूक झाली. पहिल्या दिवशी माउस एकाच्याच हातात राहिला, बहुतेक मुलाच्याच. दुसऱ्या दिवसापासून दर दहा मिनिटांनी जागा बदलायला लावल्या.

प्राथमिक शाळा, महाल

ताई, धागा काढला ते फार बरं केलं. माझे तिसरीचे आहेत, म्हणून संगणक नाही, माझा एकच मोबाइल.

पोळ्यानंतर तान्हा पोळा येतो, हे आपल्याकडे सांगायला नको. पोरं लाकडी नंदी सजवून शाळेत घेऊन येतात, बक्षिसं होतात, संपलं. या वेळी मी म्हटलं, आपल्या नंद्यांना चालवू या. स्टॉप मोशन स्टुडिओ नावाचं ॲप आहे, त्याची मोफत आवृत्ती आमच्या कामाला पुरली. नंदी नखभर पुढे सरकवायचा, फोटो घ्यायचा, परत नखभर. सेकंदाला बारा फोटो ठेवले. आठ सेकंदांचा सिनेमा हवा तर किती फोटो? वर्गाने एका सुरात म्हटलं, बारा आठे शहाण्णव. पाढ्याचा असा उपयोग असतो हे त्यांना पहिल्यांदा दिसलं असावं.

मोबाइल पुस्तकांच्या गठ्ठ्यात उभा खोचला आणि रबराने बांधला. पहिला सिनेमा पाहिला तर नंदी चालतोय, पण उजेड सारखा चमकतोय. बाहेर ढग येत-जात होते. मला वाटलं मुलांच्या लक्षात येणार नाही, पण मागच्या बाकावरची एक पोरगी, जी एरवी तासाला तोंड उघडत नाही, उठून खिडकी लावून आली आणि ट्यूबलाइट सुरू केली. म्हणाली, "आता उजेड एकच राहील." दुसऱ्या सिनेमात एकाची बोटं तीन फोटोंत आली. ती आम्ही तशीच ठेवली. घरी पाठवल्यावर एका आजोबांनी सांगितलं की त्यांचा नंदी त्यांच्या वडिलांच्या काळचा आहे. तो नंदी दुसऱ्या दिवशी फडक्यात गुंडाळून शाळेत आला. चाकं झिजलेली, एक शिंग चिकटवलेलं. त्याला सिनेमात सगळ्यांत पुढे घेतलं.

भूगोल, आठवी-नववी, धरमपेठ

मी गूगल अर्थ प्रो वापरतो. संगणकावरची ही आवृत्ती २०१५ पासून मोफत आहे. माउस जिथे नेला तिथली समुद्रसपाटीपासूनची उंची ती खाली दाखवते, आणि नकाशावर रेघ ओढली की त्या रेघेवरचा चढ-उतार आलेखात दाखवते. आपल्या भूगोलाच्या वर्गाला याहून मोठी देणगी मला माहीत नाही.

सुरुवात झिरो माइलपासून केली. तो दगडी खांब त्रिकोणमितीय सर्वेक्षणाने १९०७ साली उभारला, आणि तिथे उंची कोरली आहे, १०२०.१७१ फूट. मुलांनी ०.३०४८ ने गुणून ३११ मीटरच्या जवळ आणलं आणि मग माउस त्या जागेवर नेला. पडद्यावरचा आकडा दोन-तीन मीटर इकडे तिकडे होता. कोण खरं? दगड की उपग्रह? या प्रश्नावर पूर्ण तास गेला. मी तो जाऊ दिला, कारण मोजमापात चूक किती धरायची हे त्या वयात कुणी शिकवतच नाही.

खरं काम पुढे झालं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. माझ्या वर्गातल्या चौघांच्या घरात पाणी होतं. ज्यांना सांगायचं असेल त्यांनीच सांगा, असं म्हटलं होतं. चौघांनीही सांगितलं. मग सगळ्यांनी मिळून अंबाझरीच्या सांडव्यापासून पूर्वेकडे नाग नदीची रेघ ओढली. ओढता ओढता नदी कित्येक ठिकाणी दिसेनाशी होत होती, वर स्लॅब, रस्ता, बांधकाम. एक मुलगा म्हणाला, "सर, मी रोज हिच्यावरून येतो, मला वाटे नाला आहे." नदीचा उतार आलेखात आला. पाणी कुठे कुठे थांबलं ते चौघांनी आठवून खुणा केल्या, आणि घरी विचारून भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेची उंची टेपने मोजून आणली. एकीने सांगितलं, शिलाई मशीनच्या वर चार बोटं. ते आम्ही सेंटिमीटरमध्ये बदललं, पण नकाशावर तिचे शब्दही ठेवले.

एक सावधगिरी सांगतो. या नकाशातली उंची इतकी बारीक नाही की शेजारच्या दोन घरांतला फरक सांगेल. मुलं लगेच म्हणायला लागली की अमक्याचं घर खोलात आहे. त्यासाठी प्रत्यक्ष पाणी कुठवर आलं ते मोजणंच खरं. आणि नकाशा बाहेर कुणाला पाठवला नाही, घरांची जागा त्यात होती.

विज्ञान, निवृत्त

मी जुन्या वळणाचा शिक्षक. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावरची टाकाऊतून खेळण्यांची पुस्तकं, मराठीतलीसुद्धा, तिथे मोफत आहेत. मी आयुष्यभर सायकलच्या ट्यूबचे तुकडे आणि काडेपेट्या घेऊन वर्गात गेलो. म्हणून पडद्यावरच्या प्रयोगांना माझा विरोधच होता.

शेजारच्या शाळेत मदतीला जातो, तिथल्या मॅडमनी फेट दाखवलं. कोलोरॅडो विद्यापीठातून नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेले हे प्रयोग आहेत, काही मराठीतही मिळतात, आणि एकदा उतरवून घेतले की नेटशिवाय चालतात. त्यात मुलांनी सेल एकापुढे एक जोडले की व्होल्ट वाढतात हे पाचच मिनिटांत शोधून काढलं. बल्ब जळण्याची भीती नाही, म्हणून ज्याला कधी वायरीला हात लावायचा धीर झाला नाही तोही जोडत होता. हे मला मान्य करावंच लागेल.

पण मी थांबलो नाही. दुसऱ्या दिवशी संत्री आणली. तांब्याची तार, जस्ताचा मुलामा दिलेला खिळा, एका संत्र्यावर मल्टिमीटरने ०.९ व्होल्टच्या आसपास. लाल एलईडीला साधारण १.८ लागतात. मुलं म्हणाली, मग दोन संत्री पुरेत. पुरली नाहीत. तीन लावली, तरी नाही. पडद्यावर तर जोडलं की लागतं! चाचपडत सापडलं की एका संत्र्यात तार आणि खिळा आत एकमेकांना टेकले होते. ते नीट केलं, चौथं संत्रं जोडलं, खोलीतले दिवे बंद केले, तेव्हा एलईडी अगदी मंद लागला. तोंडाजवळ नेऊन पाहावा लागत होता. चाळीस मुलं रांगेत उभी राहून एकेक करून पाहून गेली.

पडदा आधी की वस्तू आधी, यावर माझं मत अजून वस्तूच्या बाजूने आहे. पण पडद्यावर आधी जोडलं होतं म्हणूनच कुणी "सर, येत नाही" म्हणून सोडून दिलं नाही. कुठे चुकतंय ते शोधत राहिले.

पालक, वर्धा रोड

माझा अनुभव कडू आहे, तरी लिहिते. मुलीच्या वर्गाने एका चित्रमय गोष्टींच्या ॲपवर वर्षभर काम केलं. नाव घेत नाही. सुरुवातीला मोफत होतं. मार्चमध्ये एक दिवस उघडलं तर पैसे मागायला लागलं, आणि आधीची सगळी चित्रं आत अडकली. तिने ऑगस्टपासून केलेली चौदा पानं होती. ती दोन दिवस जेवली नाही नीट. शिक्षकांना हात जोडून सांगणं आहे, काहीही करायला द्या, पण दर महिन्याला प्रत काढून ठेवा, फाइल उतरवून नाही तर सरळ फोटो काढून. आणि मुलांचं पूर्ण नाव, जन्मतारीख टाकून खाती उघडू नका. आमच्या वर्गात ती टाकली होती.

देवलापार, रामटेक तालुका

आमच्याकडे बरीच मुलं घरी गोंडी बोलतात. पहिलीत मराठी पुस्तक उघडलं की ती गप्प होतात.

प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे मुलांच्या गोष्टींचं संकेतस्थळ २०१५ पासून आहे. गोष्टी मोफत आहेत, वाचनाच्या पातळीप्रमाणे लावलेल्या आहेत, आणि परवाना असा की नाव देऊन भाषांतर करा, छापा, वाटा, कुणी विचारणार नाही. मी पाण्यावरच्या एका गोष्टीची चित्रं मोठी छापून भिंतीला लावली, मजकूर झाकून. मुलांनी बघून सांगायचं. एक मुलगा चित्रावर बोट ठेवून म्हणाला, "येर." गोंडीत पाण्याला येर म्हणतात. तोवर तो वर्गात सलग दोन शब्द बोलला नव्हता. त्यानंतर त्याने विहीर, बादली, आई सगळं सांगितलं, आणि मला येत नव्हतं ते दुसऱ्याने समजावलं. मी देवनागरीत लिहीत गेले. काही शब्द कसे लिहायचे यावर मुलांचे मतभेद झाले, म्हणून एका आजींना बोलावलं. त्या खाली बसल्या, चित्र पाहिलं आणि गोष्टच बदलून टाकली. त्यांच्या गोष्टीत विहीर आटते आणि बाया लांबून पाणी आणतात. आम्ही त्यांचीच ठेवली.

वरती मराठी, खाली गोंडी अशी सोळा पानं झाली. शाळेत रंगीत छपाई नाही, काळी-पांढरी काढून मुलांनी रंगवली. अजून संकेतस्थळावर टाकली नाही, कारण आजींना एकदा पूर्ण वाचून दाखवायची आहे आणि सध्या त्या शेतावर असतात.

मानेवाडा (धागाकर्ती)

देवलापारच्या मॅडम, आजींचा आवाजही रेकॉर्ड करून घ्या, मोबाइलवर झाला तरी चालेल. पुस्तकाशेजारी तो ठेवता येईल.

वर्धा रोडच्या ताई, तुमचं वाचून मी आजच सगळ्यांचे स्क्रॅचचे खेळ पेनड्राइव्हवर घेतले आणि शाळेच्या कपाटात ठेवले. फायलींना हजेरी क्रमांक दिलेत, नावं नाहीत. आणि सर, संत्र्याचं मी सहावीत करून बघणार आहे. मुलांनी आताच विचारलंय की खेळातलं संत्रं टोपलीत पडलं की खरा दिवा लावता येईल का. कसं करायचं ते कुणाला माहीत असेल तर इथे लिहा. शनिवारी सकाळची शाळा आहे, तोपर्यंत कळलं तर बरं.